१ ऑगस्ट : न्यूयॉर्कमधला तबला आणि मुंबईतला डफ

१ ऑगस्टला महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेत टेबलावर दोन फोटो मांडले जातात. एक लोकमान्य टिळकांचा, दुसरा अण्णा भाऊ साठे यांचा. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात वारले. त्याच दिवशी तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे जन्मले. शाळेत दोघांवर मिळून अर्धा तास भाषणं होतात, मग नारळ फुटतो, मुलं वर्गात जातात. आमच्या बीड जिल्ह्यात अण्णा भाऊंची जयंती शाळेच्या फाटकाबाहेर खऱ्या अर्थाने सुरू होते. मिरवणूक, डीजे, रात्री उशिरापर्यंत गाणी.

या तारखेच्या खात्यावर तिसरी एक नोंद आहे. ती आपल्या शाळांच्या दिनविशेषात मी कधी पाहिली नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉक संगीताचा एक कार्यक्रम झाला. परदेशातली रॉकची पुस्तकं आणि मासिकं दरवर्षी या तारखेला त्याची आठवण काढतात. त्याचं नाव होतं ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. आता तुम्ही म्हणाल, बीडच्या उर्दू-मराठीच्या मास्तरणीला रॉकशी काय करायचंय? मला गिटार आणि बेस गिटारमधला फरकसुद्धा कानाने पटकन ओळखता येत नाही. पण त्या दिवशी मंचावर पहिल्यांदा जे चार कलावंत बसले, त्यांत दोघे आपले उस्ताद होते, आणि ते ज्यांच्यासाठी वाजवत होते ती माणसं बहुतेक मुसलमान होती. त्यांना मारणारेही मुसलमानच होते. आणि त्या सगळ्या भांडणाची सुरुवात ज्या भाषेवरून झाली, ती भाषा मी रोज वर्गात शिकवते. म्हणून हा विषय.

आधी १९७१ ची पार्श्वभूमी थोडक्यात. नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आलं, त्यात किमान ३ लाख माणसं गेली. इस्लामाबादच्या सरकारने मदतीत जी ढिलाई केली ती बंगाली माणूस विसरला नाही. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. म्हणजे सबंध पाकिस्तानात स्पष्ट बहुमत. पंतप्रधान बंगाली व्हायला हवा होता. ते झालं नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री याह्या खानच्या फौजेने ढाक्यावर हल्ला केला. विद्यापीठाची वसतिगृहंही सुटली नाहीत. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत सुमारे १ कोटी माणसं भारतात आली. कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेकमध्ये सिमेंटच्या मोठ्या पाइपांत कुटुंबं राहत होती. पाऊस आला, मग कॉलरा आला.

पंडित रविशंकर तेव्हा अमेरिकेत होते. ते जन्माने बनारसचे, पण घराणं मूळचं पूर्व बंगालमधल्या जेसोरकडचं. त्यांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ ब्राह्मणबाडियाजवळच्या शिबपूरचे. मैहरच्या शारदादेवीच्या पायाशी बसणारा आणि पाच वेळची नमाज पढणारा हा माणूस आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. रविशंकरांच्या नात्यातली, ओळखीची माणसं त्या निर्वासितांत होती. त्यांनी जॉर्ज हॅरिसनकडे मन मोकळं केलं. हॅरिसन म्हणजे बीटल्सचा गिटारवादक, जो १९६६ मध्ये त्यांच्याकडे सतार शिकायला आला होता. रविशंकरांच्या मनात छोटा हिशेब होता : एखादा कार्यक्रम करावा, २५ हजार डॉलर जमावेत, पाठवून द्यावेत. हॅरिसनने फोन हातात घेतला आणि साधारण पाच आठवड्यांत रॉकच्या दुनियेतली मोठमोठी नावं गोळा केली. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल. बीटल्स आदल्याच वर्षी फुटले होते. डिलन बराच काळ मोठ्या मंचापासून लांब होता, तो येईल की नाही याची खात्री शेवटपर्यंत नव्हती. क्लॅप्टन नशेच्या व्यसनाने इतका आजारी होता की तो उभा राहू शकेल का, हाच प्रश्न होता.

रविवार होता. दुपारी अडीचला एक खेळ, रात्री आठला दुसरा. दोन्ही मिळून सुमारे ४० हजार श्रोते. सगळे डिलन आणि हॅरिसनसाठी आलेले. हॅरिसनने सुरुवातीलाच श्रोत्यांना सांगितलं की पहिला भाग भारतीय संगीताचा आहे, जरा धीराने ऐका. मग चौघं बसले : सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्ला रखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. रविशंकरांनी श्रोत्यांना वाजवणं चालू असताना सिगारेट ओढू नका अशी विनंती केली. मग वाद्यं सुरात लावायला सुरुवात झाली. दीड-एक मिनिट तारा जुळवणं चाललं, ते थांबलं आणि हजारो लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, पहिला राग संपला! रविशंकर हसले आणि म्हणाले की सूर लावणंच तुम्हाला इतकं आवडलं असेल, तर वाजवणं त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे. ही गोष्ट जगभर विनोद म्हणून सांगितली जाते. मला त्या टाळ्यांत वेडेपणापेक्षा अदबच जास्त दिसते. कळत नव्हतं, तरी मुलं गप्प बसून ऐकत होती. आमच्याकडच्या सांस्कृतिक कार्यक्रमात पाहुण्यांची भाषणं सुरू असताना काय चालतं ते आठवा.

त्या दिवशी त्यांनी जे वाजवलं त्याला ‘बांगला धून’ असं नाव दिलं होतं. बंगालच्या लोकधुनांच्या अंगाने जाणारी रचना. रेकॉर्डवर ती पंधरा-सोळा मिनिटांची आहे. सतार आणि सरोद एकमेकांना सवाल-जवाब करतात आणि अल्ला रखा दोघांनाही उत्तर देतात. तो तबला ऐकताना मला एक गोष्ट सारखी टोचते. अल्ला रखा कुरेशी हे जम्मूजवळच्या घगवालच्या शेतकरी कुटुंबातले. तबला शिकले ते लाहोरला, मियाँ कादिर बख्श यांच्याकडे. पंजाब घराण्याचा बाज. लाहोर, दिल्ली करत मुंबईला रेडिओवर आले आणि मुंबईचेच झाले. ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी सिनेमाला संगीतही दिलं. हल्लीच्या पोरांना ‘झाकिर हुसैनचे अब्बा’ एवढं सांगितलं की पुरतं. तर हा लाहोरच्या उस्तादाचा शागिर्द, मुंबईचा मुसलमान, न्यूयॉर्कमध्ये बसून अशा लोकांसाठी वाजवत होता ज्यांच्यावर गोळ्या झाडणारी फौज मुख्यतः पंजाबातूनच आली होती. आणि शेजारी सरोद घेऊन बसलेल्या अली अकबर खाँसाहेबांचा जन्मच मुळी त्या शिबपूरचा. त्यांच्यासाठी ती ‘निर्वासितांची समस्या’ नव्हती, गावाकडची खबर होती.

त्या दिवशी ही मंडळी ज्या देशात वाजवत होती त्या देशाचं सरकार कुणाच्या बाजूने होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. निक्सन आणि किसिंजर याह्या खानच्या पाठीशी उभे होते. जुलै महिन्यातच किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप चीनला जाऊन आले होते आणि त्या भेटीची सोय याह्या खानने करून दिली होती. ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीने, आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एप्रिलमध्येच आपल्या सरकारच्या गप्प बसण्याविरुद्ध तार पाठवली होती. ती बाजूला सारली गेली. अशा वेळी कार्यक्रमाच्या नावातच ‘बांगलादेश’ लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती. अमेरिकेच्या सरकारी कागदात तो देश अजून नव्हताच. हॅरिसनने त्याच नावाचं गाणं लिहिलं आणि कार्यक्रमाच्या काही दिवस आधी त्याची रेकॉर्ड बाजारात आणली. गाणं म्हणून ते फार थोर आहे असं मला वाटत नाही. पण रेडिओवर ते नाव वाजलं. ज्या अमेरिकन तरुणाला नकाशात ढाका दाखवता आलं नसतं, त्याच्या तोंडी ते नाव आलं.

पैशाचं काय झालं? दोन खेळांच्या तिकिटांतून २,४३,४१८ डॉलर आणि ५१ सेंट जमले आणि ते युनिसेफला दिले गेले. खरा पैसा पुढे आला, तीन रेकॉर्डच्या संचातून आणि १९७२ च्या चित्रपटातून. त्या संचाच्या वेष्टनावर रिकाम्या ताटलीसमोर बसलेलं एक उपाशी मूल आहे. १९७३ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पण कार्यक्रमाआधीच युनिसेफशी रीतसर कागदपत्रं केली नव्हती, म्हणून अमेरिकेच्या कर खात्याने त्या पैशावर हात ठेवला. लाखो डॉलर वर्षानुवर्षं अडकले. तोवर युद्ध संपलं, १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात फौजेने शरणागती पत्करली, निर्वासित परत गेले, नव्या देशात १९७४ चा दुष्काळ येऊन गेला. पैसे मात्र फायलीत. आमच्याकडे दुष्काळाचं अनुदान पुढच्या दुष्काळात मिळतं, ते पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

रॉकचे इतिहासकार म्हणतात की भुकेल्यांसाठी मोठ्या कलावंतांनी एकत्र येऊन गाण्याची प्रथा इथून सुरू झाली. पुढे १३ जुलै १९८५ ला इथिओपियासाठी ‘लाइव्ह एड’ झालं. त्यात सगळ्यांवर ज्याने मात केली तो फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी आणि आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. रॉकपुरतं बोलायचं तर इतिहासकारांचं म्हणणं बरोबर आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडे असं आधी झालं नव्हतं.

पण बंगालच्या भुकेसाठी गाणं १९७१ ला सुरू झालं नाही. ते २७-२८ वर्षं आधी सुरू झालं होतं, आणि त्यात आपली मुंबई होती.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. भात पिकलं नव्हतं असं नाही. युद्ध, साठेबाजी, महागाई आणि इंग्रज सरकारची बेपर्वाई यांनी मिळून तो घडवला. सुमारे ३० लाख माणसं मेली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली होती. देशभर पथकं फिरू लागली. गाणी म्हणायची, नाटुकली करायची आणि बंगालसाठी मदत गोळा करायची. उर्दूत वामिक जौनपुरी यांनी ‘भूका है बंगाल’ ही नज्म लिहिली. ती इतकी गाजली की इप्टाच्या मंचावरून गावोगाव म्हटली गेली. आणि मराठीत अण्णा भाऊ साठे यांनी पोवाडा लिहिला, ‘बंगालची हाक’.

इथे क्षणभर थांबा. अण्णा भाऊ म्हणजे कोण? शाळेत जेमतेम दीड दिवस टिकलेला, बापाबरोबर वाटेगावहून चालत मुंबईला आलेला, गिरणीत आणि रस्त्यावर मिळेल ते काम करणारा मातंग समाजातला तरुण. त्याने बंगाल पाहिला नव्हता. पण भूक ओळखीची होती. १९४४ मध्ये त्यांनी द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. पोवाडा म्हटलं की तोवर मुख्यतः गड, लढाया आणि सरदार आठवायचे. अण्णा भाऊंनी तो बंगालमधल्या उपाशी माणसासाठी वापरला, आणि परळ-लालबागच्या गिरणी कामगारांपुढे डफावर थाप मारून गायला. ज्याच्या स्वतःच्या घरी रेशनची मारामार, त्याला हजार मैलांवरच्या परक्या भाषेतल्या माणसाची भूक सांगायची. मॅडिसन स्क्वेअर गार्डनपेक्षा हे काम सोपं होतं असं कुणी म्हणू नये.

अमर शेख यांच्याबद्दल तर आपण, म्हणजे मराठी मुसलमानांनी, जितकं लिहायला हवं तितकं लिहिलेलं नाही. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गाव बार्शी, आमच्या बीड जिल्ह्याच्या शिवेपासून फार लांब नाही. जन्म २० ऑक्टोबर १९१६. आईच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेला मुलगा पुढे बसच्या क्लीनरपासून गिरणी कामगारापर्यंत सगळं करून शाहीर झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं भरायची. आमचे काही लोक मला विचारतात, मुसलमान आणि मराठी यांचा एवढा काय संबंध. काही मराठी लोकही हेच विचारतात, सूर मात्र वेगळा असतो. मी दोघांनाही अमर शेखांचं नाव सांगते. बहुतेकांना ते ऐकूनही माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं, त्यांतल्या काहींना ते मुसलमान होते हे माहीत नसतं.

आता ही कडी बघा. रविशंकर १९४५ च्या सुमारास मुंबईत इप्टाच्या केंद्रीय पथकाबरोबर काम करत होते. इक्बालांच्या ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज आपण शाळेत म्हणतो ती चाल त्यांनी त्याच काळात बांधली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी इप्टासाठी १९४६ मध्ये ‘धरती के लाल’ हा चित्रपट काढला. विषय बंगालचा दुष्काळ. संगीत रविशंकरांचं. आणि बंगाली शेतकऱ्यांच्या जथ्यात जे चालताना दिसतात, त्यांत आपल्या धुळे जिल्ह्यातले, किसान सभेचे शेतकरी होते. म्हणजे बंगालची भूक संगीतातून सांगायची, हे रविशंकर १९७१ मध्ये न्यूयॉर्कला शिकले नाहीत. ते पंचविशीतच मुंबईत ते करून बसले होते, अण्णा भाऊ आणि अमर शेख ज्या वर्तुळात डफ वाजवत होते त्याच वर्तुळात. हॅरिसनजवळ त्यांनी जेव्हा एका कार्यक्रमाची गोष्ट काढली, तेव्हा त्यामागे हा सगळा साठा होता. परदेशी पुस्तकांत कार्यक्रमाची गोष्ट हॅरिसनच्या फोनपासून सुरू होते. मला वाटतं ती परळपासून सुरू करायला हवी.

अण्णा भाऊंना हे पाहायला मिळालं नाही. ते १८ जुलै १९६९ ला गेले, गरिबीतच. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ ला मोटार अपघातात गेले. दोघांच्या मृत्यूत सहा आठवड्यांचं अंतर. त्या सहा आठवड्यांच्या दरम्यान, १५ ऑगस्टच्या रात्री, अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या चिखलात भर पावसात रविशंकर आणि अल्ला रखा वाजवत होते. तारखांचा खेळ आहे हा, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण इतिहासाची मास्तरीण नसले तरी वहीत लिहून ठेवावासा वाटला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

१९४३ मध्ये ‘भूका है बंगाल’ उर्दूत लिहिलं गेलं. उर्दू बंगालसाठी रडली. पुढच्या पाच वर्षांत काय झालं? २१ मार्च १९४८ ला ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर जिन्नांनी जाहीर केलं की पाकिस्तानची राजभाषा उर्दू आणि फक्त उर्दू असेल. त्या देशातले निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलत होते. जिन्नांना स्वतःला उर्दू धड येत नव्हती, ते भाषण त्यांनी इंग्रजीत केलं. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगालीसाठी निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. रफिक, बरकत, जब्बार, सलाम. नावं वाचा, सगळी आपल्या मोहल्ल्यातली वाटतात. आज जगभर २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन साजरा होतो, तो या पोरांमुळे. आमच्या शाळेतही होतो. मी उर्दूच्या तासाला त्या दिवशी उर्दूच्या गोडव्यावर निबंध लिहून घेते, आणि ती पोरं कोणत्या भाषेच्या सक्तीविरुद्ध मेली हे मुलांना सांगावं लागतं. सांगते. वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही.

आम्हा मराठवाड्यातल्या उर्दूवाल्यांना ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. दरबार, कचेरी, कोर्ट, सगळीकडे उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकीय आणि विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. एका देशी भाषेने ते करून दाखवलं. पण त्याच राज्यातल्या मराठी, तेलुगू, कन्नड मुलांना वरच्या वर्गात स्वतःची भाषा मिळत नव्हती. त्याच्या अस्वस्थतेतून अंबाजोगाईच्या योगेश्वरीसारख्या शाळा उभ्या राहिल्या, जिथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. माझे दादा कचेरीच्या उर्दूत अर्ज लिहून द्यायचे, गावातली मराठी माणसं त्यांच्यापुढे रांगेत बसायची. घरात ही गोष्ट मोठेपणाची म्हणून सांगितली जायची. रांगेत बसणाऱ्याला कसं वाटत असेल, हे मला मराठी शिकवायला लागल्यावर कळू लागलं.

आज चित्र उलटं आहे. उर्दू शाळेतली पटसंख्या, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, दुकानाच्या पाटीवरून गायब होणारी लिपी, हे सगळं आम्ही रोज बघतो. त्यामुळे उर्दूबद्दल वाईट काही बोललं की आपलेच लोक दुखावतात. ‘बाजी, तुम्ही उर्दूच्या असून उर्दूवर बोट ठेवता?’ असं मला विचारलं गेलं आहे. माझं उत्तर असं की भाषेने गोळ्या झाडल्या नाहीत. पण गोळ्या झाडणाऱ्यांनी तिचं नाव घेतलं, आणि तेव्हा उर्दूत लिहिणाऱ्या किती जणांनी ‘आमचं नाव घेऊ नका’ असं म्हटलं, हे मोजायला हवं. काहींनी म्हटलं. हबीब जालिब यांनी फौजी कारवाईविरुद्ध लिहिलं, ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हतेच. फैज अहमद फैज १९७४ मध्ये ढाक्याला जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी ‘ढाका से वापसी पर’ लिहिलं. ती रचना इतकी हळू आवाजात आहे की अनेक जण तिला प्रेमाची गझल समजून गातात. गायला हरकत नाही. पण शीर्षक काढून टाकतात, त्याला हरकत आहे.

आणि हिशेब करायचा तर पुरा करायला हवा. बांगलादेशात जे उर्दू बोलणारे होते, ज्यांना तिथे सरसकट ‘बिहारी’ म्हणतात, त्यांच्यातल्या काहींनी फौजेला साथ दिली आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. कत्तली झाल्या. उरलेले ढाक्याच्या मोहम्मदपूरमधल्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत अडकले. पाकिस्तानने बहुतेकांना घेतलं नाही, बांगलादेशने आपलं मानलं नाही. २००८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्यांना नागरिक मानलं, तोवर तिसरी पिढी तिथल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत मोठी झाली होती. त्यांच्यासाठी कुठल्याही गार्डनमध्ये कुणी गिटार हातात घेतलं नाही.

आमच्या घरात १९७१ बद्दल फार बोललं गेलं नाही. वडीलधाऱ्यांची जीभ त्या विषयावर जड व्हायची. भारताच्या विजयाची बातमी, पाकिस्तानचे तुकडे, मोहल्ल्यावरच्या नजरा, या सगळ्यात ढाक्याच्या रस्त्यावर मेलेला बंगाली मुसलमान कुठेच बसत नव्हता. आमच्याकडे त्याच्यासाठी फातिहा पढल्याचं मी कधी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, आमच्याकडे दुष्काळ पडला. दादी खडी फोडायला जायची, त्या गोष्टी मात्र आम्ही शंभरदा ऐकल्या. परदेशातून आलेला तांबडा मिलो, लहान मुलांना वाटलेली सुकडी. दादीला विचारलं असतं की ही सुकडी कुठून येते, तर तिने ‘सरकारकडून’ म्हटलं असतं. दुष्काळात पोरांच्या तोंडी पडणाऱ्या घासामागे कुठल्या देशातले कोण लोक वर्गणी देतात, हे घास खाणाऱ्याला कधीच कळत नाही. अण्णा भाऊंचा पोवाडाही बंगालमधल्या कुठल्या उपाशी माणसाने ऐकला नसेल.

१ ऑगस्टची अजून एक नोंद राहिली, ती उरकून टाकते. १९८१ साली याच तारखेला, रात्री १२ वाजून १ मिनिटाने, अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. पहिलं गाणं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’, बगल्स नावाच्या बँडचं. त्या दिवसापासून रॉक ऐकण्यापेक्षा बघण्याची गोष्ट झाली असं जाणकार म्हणतात. आमच्याकडे केबल नव्वदच्या दशकात आली, आणि घरात कुणी मोठं आलं की आम्ही चॅनल बदलायचो. याहून जास्त त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

या वर्षी १ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी मी मुख्याध्यापकांकडे वीस मिनिटं मागितली आहेत. आधी त्यांनी दहा म्हटलं, मग पंधरा. नववीतली एक मुलगी ‘बंगालची हाक’बद्दल बोलणार आहे. मराठीत बोलणार, पण टिपणं उर्दूत काढली आहेत, कारण तिला उजवीकडून लिहायची सवय. तिचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा ती मामाकडे राहते. तिने मला विचारलं, ‘बाजी, पोवाडा म्हणजे रॅप का?’ मी म्हटलं, बरंचसं. मग ‘बांगला धून’ लावायची आहे. शाळेच्या स्पीकरचा एक बाजूचा आवाज गेलेला आहे, त्यामुळे सरोद ऐकू येईल आणि सतार जाईल की उलटं होईल, ते शुक्रवारी लावून बघितल्यावर कळेल. तबला दोन्हीकडून येतो.